आबाजींचा बाजार

शेळगावच्या म्हाळसाबाईनं बासष्ट वर्षांत कधी बाजार केला नव्हता. तुम्ही म्हणाल, काहीतरीच! खेड्यातली बाई आणि बाजार केला नाही? नाही केला बघा. त्यांच्या घरात बाजार आबाजींचा. दर रविवारी सकाळी दोन पिशव्या घेऊन ते स्वतः इंदापूरला निघायचे आणि दिवस कलायच्या आत परत यायचे. पिशवीतून जे निघेल ते चुलीवर चढायचं. दोडका निघाला तर दोडका, गवार निघाली तर गवार. म्हाळसानं कधी अमुक आणा म्हटलं नाही, आणि आबाजींनी कधी तमुक कर म्हटलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात दोघं भांडली नाहीत असं नाही. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडली, पोराच्या शाळेवरून भांडली, एकदा तर शेळी विकण्यावरून आठ दिवस अबोला धरला. पण ताटातल्या भाजीवरून एक शब्द कधी झाला नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "म्हाळसाचा नवरा म्हंजी गाय हाय गाय. वाढंल ते खातोय." म्हाळसाला त्याचा भारी तोरा होता.

तोच तोरा आता तिच्या गळ्याशी आला होता.

झालं असं, की दिवाळीनंतर आठच दिवसांनी आबाजी मोटर चालू करायला विहिरीवर गेले आणि तिथंच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बारामतीच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. नाकातून नळी, नळीतून दूध. कळत सगळं होतं, म्हणून तर जास्त हाल. त्या नळीचा त्यांनी असा काही धसका घेतला की दोनदा डाव्या हातानं उपसून काढली. तिसऱ्यांदा घालताना नर्सनं तो हात कॉटला बांधला. तेव्हा आबाजींच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलेलं म्हाळसानं पाहिलं. मेंढरामागं डोंगर-दऱ्या तुडवलेला माणूस, आईबाप गेले तेव्हासुद्धा चारचौघात न रडलेला. म्हाळसानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "एकदा घरला चला. परत ही नळी तुमच्या नाकाला लागू देणार न्हाय. खंडोबाची आण हाय माजी."

आण घेणं सोपं असतं.

हळूहळू गिळायला यायला लागलं, नळी निघाली, घरी आले. पण आबाजी खाईनात. म्हाळसानं काय काय केलं म्हणून सांगू? मुगाची खिचडी केली, तांदळाची पेज केली, नाचणीची आंबील केली. सुनेनं दुकानातून कसली तरी पावडर आणली, डब्यावर दंड फुगवलेला माणूस होता. आबाजींनी त्या माणसाकडं एकदा बघितलं आणि ओठ मिटून घेतले. दोन घास गेले की तोंड भिंतीकडं. तिसरा घास पुढं केला की डोळे मिटायचे. रागानं नाही हो. राग असता तर बरं झालं असतं. आपल्याला आता कुणीतरी भरवावं लागतं, याची लाज त्या मिटल्या डोळ्यांत दिसायची.

गुरुवारी बारामतीला नेलं तर डॉक्टरांनी आधार देऊन काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. म्हणाले, "गिळता येतंय त्यांना. जरा दाटसर काही द्या, पातळ पाण्यानं ठसका लागेल. पण खाल्लंच नाही तर मी काय करू? मंगळवारी परत आणा. वजन आणखी उतरलं असलं तर नळी घालावी लागेल. माझ्याकडं दुसरा इलाज नाही." आबाजी शेजारच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. म्हाळसाचं त्यांच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

शनिवारी संध्याकाळी सून राजनंदिनी भाकरीला बसली होती. पोरगी बारामतीत शिकलेली, तोंडानं फटकळ, पण मनानं सासूवर लेकीसारखा जीव. तिनं सहज विचारलं, "आत्या, मामांना सगळ्यात जास्त काय आवडतं खायला?"

म्हाळसानं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला सांगता येईना. शेजारच्या तात्यांना वांग्याचं भरीत आवडतं हे तिला माहीत होतं. नागेशला, म्हणजे तिच्या लेकाला, अंड्याची पोळी आवडते हे माहीत होतं. दारातल्या कुत्र्याला ताकातली भाकरी आवडते, दुधातली नाही, हेसुद्धा माहीत होतं. आणि ज्या माणसाला बेचाळीस वर्षं दोन्ही वेळा वाढलं त्याला काय आवडतं ते ठाऊक नव्हतं. "वाढंल ते खात्यात गं," ती कशीबशी म्हणाली, आणि तिला इतकी शरम वाटली की ती उठून गोठ्यात गेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली बराच वेळ.

गोठ्यातून आली ती मनाशी ठरवूनच.

"नंदे, उद्या रविवार. मला इंदापूरला ने."

"मी आणते ना बाजार. यादी करा."

"यादी करायला काय पायजे तेच कळंना झालंय, म्हणून तर जायचंय. ह्ये बेचाळीस वर्सं त्या बाजारात हिंडलं. कुठं थांबत असतील, काय उचलून तोंडात टाकत असतील, कुणाला तरी ठावं असंलच की. घरातलीला न्हाय कळलं. बाजाराला इचारते."

सकाळी नागेश आबांजवळ बसला आणि सासू-सून स्कूटीवरून निघाल्या. म्हाळसा आयुष्यात दुसऱ्यांदा स्कूटीवर बसलेली. निमगाव केतकी येईपर्यंत तिनं सुनेच्या कमरेला अशी काही मिठी मारली होती की राजनंदिनी म्हणाली, "आत्या, जरा श्वास घेऊ द्या, नाहीतर परतीला तुम्हालाच चालवायला लागेल."

संक्रांत तोंडावर आलेली. भोगीचा बाजार म्हणजे काय विचारता! हरभऱ्याचे डहाळे, गाजरं, वालाच्या शेंगा, पावटा, बोरं, तिळाचे ढीग. बायांची ही गर्दी. म्हाळसा पहिल्याच पालापाशी वाकली आणि ताज्या मेथीच्या दोन जुड्या उचलल्या. पालावरच्या जोतीरामनं तिच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. खताच्या पोत्याची शिवलेली, निळ्या काठाची पिशवी. ती म्हाळसानंच शिवलेली.

"ही पिशवी आबांची न्हवं?" तो म्हणाला. "शेळगावच्या आबांची?"

"मी त्यांची मालकीण."

जोतीराम उठून उभाच राहिला. दोन महिने आबा का आले नाहीत, हे ऐकून त्यानं तोंडात बोट घातलं. मग म्हाळसाच्या हातातल्या जुड्या काढून परत जागेवर ठेवल्या. "वैनी, आबांच्या पिशवीत पैल्या फेऱ्याला काय पडत न्हाय. आबांचा नियम हाय. पैला फेरा मोकळ्या हातानं मारायचा, सगळा बाजार डोळ्यांखालनं घालायचा, मग दुसऱ्या फेऱ्याला घ्यायचं. आमी चिडवायचो, आबा, पोरगी बघाया आलाय का मेथी? तर म्हणायचे, मेथीच. पोरगी एकदाच बघितली आन् ती बरी निघाली, तेवढं बास."

राजनंदिनी फिसकन हसली. म्हाळसानं डोक्यावरचा पदर उगीच पुढं ओढला.

"जोतीराम दादा, ह्यांना काय आवडायचं वो? खायला?"

जोतीराम विचारात पडला. "दोडकी कवळी बघून घ्यायचे. पण ती तुमच्यासाठी. मालकिणीला दोडका आवडतो म्हणायचे. सोतासाठी? सोतासाठी न्हाय घेतलं बा कधी काय."

मग सासू-सुनेनं मोकळ्या हातानं फेरा मारला. आणि काय सांगू, सगळीकडं तेच. पळसदेवची मासळीवाली म्हणाली, "आबा नागेशसाठी न्यायचे." पेरूवाला म्हणाला, "सुनेला आवडतात म्हणून कडक बघून घ्यायचे." राजनंदिनीला आजवर वाटायचं, पेरू आपोआपच कडक येतात. जिलबीवाला म्हणाला, "पाव किलो बांधून. हितं कधी तोंडात न्हाय घातली." म्हाळसाला आजवर वाटत आलं होतं, ते बाजारात आपल्या वाटणीची खाऊन मग घरी आणतात. म्हणून ती दर रविवारी एकटी सगळी संपवायची, आणि एक तुकडासुद्धा त्यांच्यापुढं धरायची नाही. आता तिला त्या सगळ्या जिलब्या घशात अडकल्यासारख्या झाल्या.

शेवटी चहाच्या गाड्यावर दोघी टेकल्या. म्हाळसाचा चेहरा पार उतरला होता. चहावाल्यालाही तिनं तेच विचारलं.

"आबा? चहा न्हाय घ्यायचे माज्याकडं." त्यानं कप विसळत सांगितलं. "ते तिकडं कडधान्याच्या ओळीत बसायचे. तानूबाईपाशी. तासभर बसायचे की आरामात."

राजनंदिनीनं सासूकडं बघितलं. सासूनं कपाकडं.

"कोण तानूबाई?"

"हाय की एक. दर रविवारी येती."

आता खरं सांगायचं तर म्हाळसाच्या काळजात चर्र झालं. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं वय सत्तरीच्या घरात, आणि हिला मत्सर! तिचं तिलाच हसू येत होतं आणि रडूही येत होतं. घरी दहा मिनिटं शेजारी न बसणारा माणूस, आणि इथं तासभर? आरामात? "चल गं," ती सुनेला म्हणाली, आणि अशी काही चालायला लागली की पोरीला मागं पळायला लागलं.

तानूबाई पोत्यावर बसली होती. ऐंशीच्या आसपासची, तोंडाचं बोळकं, पाठीचा कणा वाकून अर्धा झालेला. पुढं मटकी, हुलगे, तीळ, जवस यांच्या लहान लहान राशी. म्हाळसाचा अर्धा राग तिला बघूनच विरला. उरलेला अर्धा विरला तो पुढच्या वाक्याला.

"आबा गेला का गं?" म्हातारी पिशवी बघून म्हणाली. "दोन महिने झालं, रोज देवाला इचारती. कुणी सांगीना."

"हायत वो आजी, हायत," म्हाळसा तिच्याशेजारी पोत्यावर बसलीच, आणि तिनं सगळं सांगितलं. विहीर सांगितली, नळी सांगितली, मंगळवार सांगितला. बाजाराच्या गलक्यात, अनोळखी म्हातारीपुढं तिनं दोन महिन्यांचं सगळं ओतलं. "त्यास्नी काय आवडतं तेच मला ठावं न्हाय, आजी. कसली बायकू मी?"

तानूबाईनं शेजारच्या फडक्याची गाठ सोडली. आत एक जुनी पितळी किटली होती. तिनं झाकण काढलं आणि म्हणाली, "ह्ये आवडतं."

हुलग्याचं माडगं. भाजलेल्या हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ पाण्यात रटरटून शिजवलेलं, गुळाचा खडा आणि सुंठ घातलेलं, तपकिरी, दाट. वाफ वर आली आणि म्हाळसानं चटकन पदर नाकाला लावला.

बाहत्तरचा दुष्काळ. म्हाळसा दहा वर्षांची. बाप खडी फोडायच्या कामावर गेला आणि तिकडंच आजारानं मेला. घरात आई आणि पाच पोरं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी तेच, रात्री तेच, दिवसागणिक पातळ होत गेलेलं. धाकटा भाऊ वाटी बोटानं चाटायचा आणि मग आईकडं बघायचा, आणि आई दुसरीकडं बघायची. पन्नास वर्षं झाली, पण त्या वासाबरोबर भावाची ती मान वर होताना अजून दिसायची.

"माजी दातं गेली तशी मी बाजाराला हीच शिदोरी आणती," तानूबाई सांगत होती. "सात-आठ वर्सं झाली आसतील. आबा मटकी घ्याया आला, वास आला तसा हितंच उभा ऱ्हायला. म्हणला, आजी, माजी आय मेंढराच्या तळावर आस्सं करायची. दिवसभर पावसात भिजून आलो की चुलीपुढं बसवून हातात वाटी द्यायची. एक वाटी दिली बघ मी. पोरावानी पिला. तवापास्नं दर रविवारी एक वाटी. माजी छत्री बांधून द्यायचा, पोती लावून द्यायचा, आन् हितं बसून आयच्या गोष्टी सांगायचा."

"मग घरी का सांगितलं न्हाय?" राजनंदिनीला राहवलं नाही. "घरात बाई नव्हती का करून घालायला?"

"मी बी तेच म्हणली. तर म्हणला, आजी, आमच्या घरात ते चालत न्हाय. जेजुरीच्या पायरीवर मालकिणीला शब्द दिलाय."

म्हाळसाच्या हातातला पदर सुटला.

जेजुरी! लग्नानंतर देवदर्शनाला नेलं होतं. नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही रीत. आबाजींनी तिला उचललं तेव्हा दोघंही पहिल्यांदाच एकमेकांच्या इतक्या जवळ होती. भंडाऱ्यानं पिवळे झालेले त्यांचे कान तिच्या डोळ्यांपुढं होते. तिसऱ्या पायरीवर त्यांनी हळूच विचारलं होतं, "काय पायजे तुला? माग." ती वीस वर्षांची, लाजेनं अर्धी झालेली. साडी मागावी, डोरलं मागावं. तर ही म्हणाली, "मला काय नको. फकस्त तुमच्या घरात हुलग्याचं माडगं नगा करायला लावू. लई पिलंय मी ते. वासानं बी रडाया येतं." तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि उरलेल्या दोन पायऱ्या चढले. एवढंच. पुढं कालवा आला, ऊस आला, हुलगे कुणी पेरीना झालं, आणि म्हाळसा ते बोलणं विसरूनही गेली.

ती विसरली. ते विसरले नव्हते.

म्हाळसा भर बाजारात हुंदके देऊन रडली. मटकी घ्यायला आलेली एक बाई घाबरून मागं सरली. राजनंदिनी सासूच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तानूबाईनं मात्र रडू दिलं पुरतं, आणि मग म्हणाली, "झालं? आता डोळं पूस. रडून माडगं शिजत न्हाय."

"ही किटलीच द्या आजी. नेते."

"किटली न्हाय द्यायची. घरी जाईस्तवर गार हुईल, आन् आजाऱ्याला गार-शिळं कशाला? पीठ ने. माज्या घरचं हाय, भाजून जात्यावर काढलंय. पण करायचं तू. सुनेला न्हाय लावायचं." म्हातारीनं पिठाची पुरचुंडी तिच्या ओच्यात घातली. "पाण्यात आधी कालवून घे, गुठळी ऱ्हाता कामा न्हाय. गूळ बेतानं, मिठाची कणी, सुंठ. पळी उभी ऱ्हाईस्तवर हालवत ऱ्हा. आन् त्याला म्हणावं, म्हातारी छत्री बांधाया माणूस बघती."

दुसरा फेरा झालाच नाही. भोगीची भाजी राहिली, तीळ राहिले. दोघी सुटल्या त्या थेट शेळगावला. म्हाळसानं वाटेत सुनेला मिठी मारली नव्हती. दोन्ही हातांनी ओच्यातली पुरचुंडी धरून बसली होती. राजनंदिनीनं दोनदा ओरडून सांगितलं, "आत्या, धरा मला!" ऐकायला कोण!

घरी आल्यावर तिनं गॅस सोडून चूल पेटवली. पदराचं टोक नाकाला बांधलं आणि पीठ कालवलं. वाफ यायला लागली तशी डोळ्यांतून धारा. धुरानं का वासानं, कुणी विचारलं नाही. ती हलवत राहिली. भाऊ दिसला, आई दिसली, ती हलवतच राहिली. पळी उभी राहिली तेव्हा तिनं माडगं वाटीत ओतलं आणि जरा निवू दिलं.

वास तिच्या आधीच बाहेरच्या खोलीत पोचला होता. आबाजी कॉटवर उशीला टेकून बसले होते. नाकपुड्या हलल्या होत्या, मान दाराकडं वळली होती. नागेश म्हणाला, "आई, कसला वास गं हा? आबा मघापासनं दाराकडंच बघायलेत." म्हाळसाचा जीव नुसता उडत होता. ती कॉटवर त्यांच्याजवळ बसली, चमचा भरला आणि त्यांच्या ओठांपाशी नेला.

आबाजींनी वाटीकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. आणि ओठ गच्च मिटून तोंड भिंतीकडं फिरवलं.

"अवो... तुमच्या आवडीचं हाय. तानूबाईकडनं पीठ आणलंय."

तोंड फिरलं नाही. डोळे मिटले. चमच्यातलं माडगं चादरीवर सांडलं.

"राहू दे आई," नागेश खाली बघून म्हणाला. "तू केलंस तेवढं लई केलंस. मंगळवारी बघू डॉक्टर काय म्हणतात." राजनंदिनी दारातून आत निघून गेली, तिला बघवेना.

म्हाळसानं चमचा वाटीत ठेवला. संपलं सगळं. देवाची आण, बाजार, सगळं पाण्यात. ती वाटी खाली ठेवणार, तेवढ्यात तिला दिसलं, आबाजींनी एक डोळा किलकिला करून बघितलं होतं. वाटीकडं नाही. तिच्या नाकाकडं. तिच्या नाकाला अजून पदर बांधलेला होता, आणि त्यावर रडून सुजलेले डोळे.

तिला एकदम कळलं. हे अन्न त्यांना नको झालेलं नव्हतं. अंग गेलं, वाचा गेली, पोट खपाटीला गेलं, तरी हा माणूस जेजुरीच्या तिसऱ्या पायरीवरच उभा होता. तिला वासानं रडू येतं, म्हणून घरात ते नको. उपाशी मरेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही. म्हाळसाला असा राग आला, असा राग आला त्या माणसाचा, आणि त्याच रागात तिचं काळीज भरून आलं.

तिनं नाकावरचा पदर ओढून काढला.

"हिकडं बघा," ती म्हणाली. "बघा म्हणते हिकडं!"

आबाजींनी मान वळवली.

"शब्द मी घेतला हुता. माजा मी सोडवते. ह्ये बघा."

आणि तिनं वाटी तोंडाला लावली. पहिला घोट घशाशी गेला. दहा वर्षांची म्हाळसा आत किंचाळली. तिनं कॉटची कड धरली आणि गिळलं. दुसरा घोट घेतला. चव तीच होती, खोटं कशाला सांगायचं. भुकेची चव अशी जात नाही. पण यात गूळ होता, आणि हे दाट होतं, आणि समोर तिच्या तोंडाकडं डोळे मोठे करून बघणारा तिचा नवरा होता. तिसरा घोट तिनं नाक न मुरडता घेतला. ओठ पुसले.

"काय वाईट न्हाय," ती म्हणाली. "आठ वर्सं बाहेर जाऊन पिलात व्हय? एकदा मागून तर बघायचं हुतं वो. मी केलं नसतं का? रडत रडत केलं असतं, पण केलं असतं की."

आबाजींचा ओठ थरथरला. डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं. म्हाळसानं चमचा भरून पुढं केला.

ओठ उघडले. पहिला चमचा गेला. तिनं गळ्याकडं बघितलं. गळा हलला, ठसका लागला नाही. दुसरा गेला. तिसरा गेला. नागेश श्वास रोखून उभा होता, आणि आतून राजनंदिनी परत दारात येऊन उभी राहिली होती. सातव्या चमच्याला आबाजींनी मान हलवली. म्हाळसाला वाटलं, झालं, पुरे. तर त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि चमचा तिच्याच तोंडाकडं वळवला.

"मला?" म्हाळसा हसली. रडता रडताच हसली. "पोरं बगत्यात वो."

पण तिनं तो चमचा घेतला. मग एक त्यांना, एक तिला. लग्नात घास भरवले होते तेव्हा दोघांनी मान वर केली नव्हती. आज भर दुपारी लेक-सुनेसमोर दोघं एका वाटीतून जेवत होती आणि कुणाला कसली लाज वाटत नव्हती. वाटीच्या तळाला चमचा वाजला.

"संपलं बगा," म्हाळसा म्हणाली, आणि वाटी कॉटवर ठेवून तोंड पुसायला फडकं शोधायला लागली.

आबाजींनी डावा हात पुढं केला. बोटांना ती वाटी नीट धरता येईना, एकदा निसटली. नागेश मदतीला पुढं झाला तसं त्यांनी मानेनंच त्याला नको म्हटलं. परत धरली. बेचाळीस वर्षांत वाढेल तेवढं खाऊन उठलेल्या त्या माणसानं रिकामी वाटी उचलली आणि बायकोपुढं धरली.